चौथीतली 'मले' आणि आपली कार्यात्मक व्याख्या

गेल्या आठवड्यात एका ज्युनिअरने सिनॉप्सिस वाचायला पाठवला. पेट झालीय, गाइड मिळालेत, पुढच्या महिन्यात आरआरसीसमोर उभं राहायचंय. शीर्षक असं: 'इयत्ता चौथीच्या भाषिकदृष्ट्या प्रतिभावान विद्यार्थ्यांसाठी मराठी भाषा संवर्धन कार्यक्रमाची निर्मिती व त्याच्या परिणामकारकतेचा अभ्यास'. तुम्ही शिक्षणशास्त्रातले असाल तर या घाटाचं शीर्षक तुम्ही आधी कुठेतरी वाचलेलंच आहे. 'निर्मिती व परिणामकारकता' हा आपला ठरलेला साचा.

"ताई, फक्त भाषा बघा, बाकी सगळं झालंय," असा निरोप होता. भाषा ठीक होती. मी अडले ती तिसऱ्या पानावर, 'संज्ञांच्या कार्यात्मक व्याख्या' या मथळ्याखाली. तिथे म्हटलं होतं की भाषिकदृष्ट्या प्रतिभावान विद्यार्थी म्हणजे ज्यांना तिसरीच्या वार्षिक परीक्षेत मराठीत ८० टक्क्यांहून जास्त गुण आहेत, ज्यांची वर्गशिक्षकांनी शिफारस केली आहे आणि जे संशोधिकेने तयार केलेल्या शब्दसंपत्ती चाचणीत वरच्या चतुर्थकात आले आहेत, असे विद्यार्थी.

तीन चाळण्या. वाचायला किती नेटकं वाटतं! समितीतलं कुणी यावर फारसं बोलणारही नाही, कारण व्याख्या 'मापनीय' आहे. पण माझ्या मते हा प्रबंध त्या पानावरच संपतो. पुढचे पाच धडे म्हणजे संपलेल्या गोष्टीची आकडेमोड. (ही पोस्ट तिच्या परवानगीने लिहितेय. आणि दोन वर्षांपूर्वी माझ्या पायलटमध्ये मीही जवळपास हीच व्याख्या लिहिली होती, त्यामुळे यातली बरीचशी टीका माझ्यावरच आहे.)

पायलटची शाळा विदर्भातली. जिल्हा परिषदेची, कापूसपट्ट्यातल्या गावातली. चौथीच्या वर्गात मागे बसून मी मराठीचे तास पाहत होते. श्रुतलेखन चालू होतं. एका मुलीने 'मला'च्या जागी 'मले' लिहिलं, तेही तीनदा. बाईंनी लाल गोल केले. मधल्या सुट्टीत मी तिला सहज विचारलं, की तुला माहीत होतं ना 'मला' लिहायचंय? तिने जे सांगितलं ते मी त्याच संध्याकाळी वहीत जमेल तसं उतरवून ठेवलं:

"पुस्तकातल्या 'ला'चं आपल्यात 'ले' होते. मला – मले. शाळेला – शाळेले. पण सगळ्या 'ला'चं नाही होत. 'तो गेला'चं 'तो गेले' नाही म्हनत. मंग तं लय लोकं गेले असं होईन."

आता थांबून बघा या मुलीने काय केलं. मराठीत 'ला' दोन आहेत. एक विभक्तीचा, दुसरा भूतकाळी क्रियापदाच्या शेवटी येणारा. कानाला दोन्ही सारखेच. वऱ्हाडीत पहिला बदलतो, दुसरा बदलत नाही. हे तिने कुणी न शिकवता वेगळं केलं, दोन बोलींमधला संबंध नियम म्हणून मांडला, नियमाचा अपवाद सांगितला आणि अपवादाचं कारणही दिलं: बदललं तर अनेकवचन होईल. भाषाविज्ञानाच्या पहिल्या सत्राला हे उत्तर कुणी दिलं असतं तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. श्रुतलेखनात तिला दहापैकी पाच होते.

बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "हुशार आहे हो ती, पण भाषा अशुद्ध आहे." बाईंना दोष द्यायचा नाहीये. त्यांच्याकडे दोन वर्ग होते, प्रशिक्षणाच्या ऑनलाइन लिंका होत्या, पोषण आहाराची नोंदवही होती. आणि 'अशुद्ध' हा शब्द त्यांना आपल्याच शिक्षणशास्त्राने दिलाय.

माझ्या शब्दसंपत्ती चाचणीत चाळीस शब्द होते. सरिता, तरू, निर्झर, असे. ती त्यात मधल्या कुठल्या तरी जागी आली. साहजिक आहे. हे शब्द येतात ते पुस्तकातून, आणि ज्या घरात शाळेबाहेरची पुस्तकं असतात त्या घरातल्या मुलाच्या कानावर ते जास्त वेळा पडतात. पऱ्हाटी, पातं, बोंड, सरकी हे शब्द मी चाचणीत घातले असते तर बाईंनी शिफारस केलेली चार मुलं, त्यातली दोन तालुक्याहून येणाऱ्या कर्मचाऱ्यांची, कुठे राहिली असती? मी मोजत होते ते घर. नाव दिलं होतं प्रतिभा.

सप्रमाणतेचा प्रश्न म्हणतात तो हाच. नेट-सेटला आपण पाठ करतो: चाचणी जे मोजायचा दावा करते ते ती खरोखर मोजते का. पाठ करणं सोपं आहे. पण स्वतःच्या व्याख्येला तो प्रश्न विचारायची वेळ येते तेव्हा आपण विश्वसनीयता गुणांक काढून मोकळे होतो. चाचणी दोनदा दिली, गुण सारखे आले, झालं. अहो, घर दोन आठवड्यांत बदलत नाही, गुण सारखेच येणार!

आता तिन्ही चाळण्या एकेक करून बघू. पहिलीला फार वेळ द्यायची गरज नाही. मराठीच्या परीक्षेतले गुण म्हणजे शुद्धलेखन, हस्ताक्षर, पाठाखालच्या प्रश्नांची पाठ उत्तरं आणि हजेरी यांची बेरीज. त्यात भाषेची जाण कुठेतरी असेलच, पण किती, ते वेगळं काढता येत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेचे गुण घ्यावेत असं काही जण सुचवतात. शिष्यवृत्तीच्या दोन पेपरांत मिळून १५० प्रश्न, त्यातले प्रथम भाषेचे २५, आणि सगळे चार पर्यायांचे. ज्या मुलाला पाचवा पर्याय सुचतो त्याचं काय करायचं, याची सोय ओएमआर पत्रिकेत नाही.

दुसरी चाळणी, शिक्षकांची शिफारस, जास्त रंजक आहे, कारण तिच्यावर जुना वाद आहे आणि तो वाद संशोधन करू पाहणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. पेग्नाटो आणि बर्च यांनी १९५९ साली अमेरिकेतल्या एका ज्युनिअर हायस्कूलचा अभ्यास छापला. बुद्ध्यंक चाचणीनुसार शाळेत ९१ मुलं प्रतिभावान ठरली. शिक्षकांनी नावं दिली होती १५४. या १५४ मधली खरोखर त्या ९१ मधली किती? ४१. म्हणजे जी होती त्यातली ४५ टक्के सापडली आणि जी सांगितली त्यातली जेमतेम २७ टक्के बरोबर निघाली. इथून 'शिक्षकांना प्रतिभा ओळखता येत नाही' हे वाक्य जन्माला आलं आणि साहित्य-आढाव्यांतून ते पुढे सरकत राहिलं.

मग १९९४ साली फ्रान्स्वा गान्ये यांनी तोच अभ्यास पुन्हा उघडला. त्यांचा आक्षेप साधा होता: हे दोन आकडे किती नावं दिली यावर हलतात. शिक्षकाने अख्ख्या शाळेची नावं दिली असती तर 'सापडली' शंभर टक्के झालं असतं आणि 'बरोबर' अगदी तळाला गेलं असतं. एकच नाव दिलं असतं तर उलट. दोन्ही आकडे एकत्र घेऊन इतर पद्धतींशी तुलना केली तर शिक्षक काही तितके वाईट ठरत नाहीत. पस्तीस वर्षं लोक एक निष्कर्ष उद्धृत करत होते, पण तक्त्यातली बेरीज-भागाकार तपासून बघायची तसदी फार थोड्यांनी घेतली. तुमच्या दुसऱ्या प्रकरणात १९५९ चा संदर्भ असेल आणि १९९४ चा नसेल, तर तो काढून टाका किंवा दोन्ही ठेवा.

पण माझा मुद्दा या दोघांच्याही पुढचा आहे. त्या अभ्यासात निदान एक पट्टी होती, बुद्ध्यंकाची. बरी-वाईट कशीही असो, शिक्षक चुकले की बरोबर ते तिच्याशी ताडून बघता येत होतं. भाषिक प्रतिभेसाठी आपल्याकडे मराठीत अशी कुठली पट्टी आहे? ज्युनिअरच्या सिनॉप्सिसमध्ये शिक्षकांची शिफारस शब्दसंपत्ती चाचणीशी जुळते हा शिफारशीचा पुरावा मानलाय. दोन्ही चाळण्या एकाच घराला निवडत असतील तर त्या जुळणारच.

चाचणीच्या प्रसंगाबद्दलही बोलायला हवं. विल्यम लबॉव्ह यांचा अप्रमाण इंग्रजीच्या तर्कावरचा १९६९ चा लेख तुम्ही वाचला नसेल तर हा ब्लॉग बंद करा आणि आधी तो वाचा. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला आठ वर्षांचा लिऑन. मुलाखतकार त्याच्याच समाजातला, वस्ती ओळखणारा. तरीही लिऑन एका शब्दात उत्तरं देतो, बहुतेक वेळा तेही नाही. कागदावर हा 'भाषा नसलेला मुलगा'. पुढच्या वेळी तोच मुलाखतकार बटाट्याच्या चिप्सचं पाकीट घेऊन येतो, लिऑनच्या जिवलग मित्राला सोबत बसवतो, स्वतः जमिनीवर बसतो आणि मोठ्यांसमोर बोलू नयेत असे शब्द स्वतःच काढतो. आता दोघं मुलगे एकमेकांना तोडून, भांडून, स्पर्धा लावून बोलताहेत. मुलगा तोच. लबॉव्ह म्हणतात, बदलला तो सामाजिक प्रसंग. आपण जिल्हा परिषदेच्या वर्गात सलवार-कमीज, ओळखपत्र आणि छापील चाचणी घेऊन जातो, 'संशोधक मॅडम' म्हणून ओळख करून दिली जाते, आणि मग प्रबंधात लिहितो की विद्यार्थ्यांचा मौखिक प्रतिसाद मर्यादित होता.

एक मोह आवरते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, आपल्या व्याख्येने त्या पहिल्याच चाळणीत गळाल्या असत्या, असं वाक्य प्रस्तावनेत टाकावंसं वाटतं. छान वाटतं वाचायला. पण ते अलंकार आहे, पुरावा नाही. व्हायवाला परीक्षक हसतील आणि पुढचा प्रश्न विचारतील.

व्याख्येकडून कार्यक्रमाकडे येऊ. सिनॉप्सिसमध्ये वीस तासिका आहेत: म्हणी आणि वाक्प्रचार, शब्दकोडी, भेंड्या, गोष्ट पूर्ण करा, चित्रवर्णन, वक्तृत्व, शेवटी हस्तलिखित. यातलं एकही वाईट नाही. मी स्वतः शाळेत असते तर मला आवडलं असतं. पण प्रत्येक तासिकेला एक प्रश्न विचारा: हा तास शेवटच्या बाकावरच्या, अजून अडखळत वाचणाऱ्या मुलाला दिला तर त्याला उपयोग होईल का? उत्तर 'हो' असेल तर तो फक्त सहा-सात निवडक मुलांना का देताय? आणि सगळ्यांनाच उपयोगी असेल तर त्यात प्रतिभावान मुलांची म्हणून कुठली गरज भागली?

त्या मुलांची गरज काय असते ते वर्गात बसल्यावर दिसतं. जूनमध्ये बालभारतीचं पुस्तक हातात पडतं आणि चार दिवसांत त्याचं वाचून संपतं. उरलेलं वर्षभर ते मूल तेच धडे इतरांच्या वेगाने ऐकतं. काम लवकर संपलं की त्याला फळ्यावर लिहायला लावतात, बाकीच्यांच्या वह्या तपासायला देतात, किंवा वक्तृत्व स्पर्धेला पाठवतात. वक्तृत्व! भाषण बाई लिहितात किंवा वडील यूट्यूबवरून उतरवतात, मूल पाठ करतं, हातवारे बसवले जातात. हे आवाजाचं आणि स्मरणशक्तीचं काम आहे. भाषेचं त्यात काय झालं? आणि त्या मुलाने मध्येच "पण असंच का म्हणायचं?" विचारलं तर तासाला वेळ नसतो.

थोडं संख्याशास्त्राबद्दल, पटकन. ज्या चाचणीवर वरचा चतुर्थक निवडला तीच पूर्वचाचणी म्हणून वापरायची आणि तिचीच समांतर आवृत्ती उत्तरचाचणी, असा आराखडा दिसला की सावध व्हा. वरच्या टोकाची मुलं आधीच चाळीसपैकी सदतीस-अडतीसवर आहेत, त्यांना वर जायला जागाच नाही. याला सीलिंग इफेक्ट म्हणतात. शिवाय ज्यांना निवडीच्या दिवशी नशिबाने दोन गुण जास्त पडले ते पुढच्या वेळी आपोआप थोडे खाली येतात. म्हणजे कार्यक्रम चांगला असला तरी टी मूल्य ते लपवू शकतं, आणि कार्यक्रम फुकट असला तरी सरावामुळे मधली मुलं वर येऊन तो चांगला दिसू शकतो. नियंत्रित गट नसेल तर यातलं काय झालं ते कुणालाच कळणार नाही. शून्य परिकल्पनेचा त्याग झाला, एवढं मात्र छापलं जाईल.

मग करायचं काय? इथे मला जोसेफ रेन्झुली यांचं १९७८ चं म्हणणं उपयोगी पडलं. आपल्याकडे त्यांची तीन वर्तुळं (सरासरीपेक्षा वरची क्षमता, कामाला चिकटून राहणं, सर्जनशीलता) आकृतीसकट छापली जातात आणि तिथेच सोडली जातात. पण त्यामागचा विचार असा की प्रतिभा ही काही मुलांवर मारायची मोहर नाही, ती विशिष्ट वेळी, विशिष्ट कामात दिसणारी वागणूक आहे. पुढे १९८१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी फिरत्या दाराची कल्पना मांडली: जास्त मुलांना आत घ्या, ज्याला एखाद्या कामाची ओढ लागली तो त्या कामापुरता खोलवर जाईल, संपलं की बाहेर येईल. याचा उलटा अर्थ असा होतो की आधी निवड आणि मग कार्यक्रम हा क्रमच चुकीचा असू शकतो. आधी सगळ्या वर्गाला काम द्या. काम असं हवं की त्याला तळही हवा आणि छत नको. मग बघा कोण कुठवर जातं.

असं काम मराठीत कसं दिसतं? माझा आवडता तास सांगते. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये मुलांना न ऐकलेले, बनावट इंग्रजी शब्द देऊन त्यांची अनेकवचनं करायला लावली होती. मुलांनी ती केली, म्हणजे ती पाठांतरातून आली नव्हती, नियम मुलांच्या डोक्यात होता. मी त्याच धर्तीवर चौथीच्या त्याच वर्गाला एक चित्र दाखवलं, वेडावाकडा प्राणी, आणि म्हटलं, हा 'टुबा'. आता याला पाणी द्यायचंय. कोणाला पाणी द्यायचंय? अर्धा वर्ग: टुब्याला. (खरं तर टुब्याले.) अर्धा वर्ग: टुबाला. भांडण सुरू. मी फळ्यावर घोडा, आंबा, सोफा, कॅमेरा, मामा, काका लिहिलं आणि गप्प बसले.

घोड्याला, आंब्याला, सोफ्याला, कॅमेऱ्याला. पण मामाला, काकाला. एक मुलगा म्हणाला, माणसं बदलत नाहीत, प्राणी अन् वस्तू बदलतात. सगळ्यांना पटलं. वर्ग जिंकल्यासारखा ओरडला. तेवढ्यात आपली 'मले'वाली: "मंग भाच्याले काऊन?" शांतता. भाचा माणूसच आहे. नवरा पण, नवऱ्याला. म्हातारा, म्हाताऱ्याला. राजा मात्र राजाला, आणि 'राज्याला' म्हटलं तर भलतंच काही होतं. नियम कोसळला आणि तास संपला. घंटा वाजल्यावरही पाच-सहा मुलं फळ्यापाशीच उभी होती.

दुसऱ्या दिवशी उत्तर आणलं ते तिने नाही. तांड्यावरून येणाऱ्या, घरी गोरमाटी बोलणाऱ्या एका मुलाने. बाईंच्या यादीत तो नव्हता, माझ्या चाचणीत तळाला होता आणि सबंध पायलटभर तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. तो म्हणाला, "ज्याले हाका मारतो नं, त्याचं नाही बदलत. मामा! काका! दादा! भाच्याले कोनी 'ए भाचा' म्हनते काय? नावानं बोलावते."

मी त्या उत्तराशी अजून झुंजतेय. माझ्या माहितीतल्या बऱ्याच शब्दांना ते लागू पडतं. हाक मारायचा शब्द विशेषनामासारखा वागतो, म्हणून तो आकार सोडत नाही. राजालाही 'राजा' अशी हाक मारतातच. मूल मराठी शाळेत दुसरी भाषा म्हणून शिकत असेल तर तिच्या नियमांकडे ते बाहेरून बघतं आणि त्याला काही गोष्टी आपल्याआधी दिसतात, असंही असेल. एका वर्गातल्या दोन दिवसांवरून मी हे सिद्ध करू शकत नाही. पण माझ्या तिन्ही चाळण्यांनी या मुलाला बाहेर ठेवलं होतं, एवढं सांगू शकते.

अशी कामं मराठीत जागोजागी पडलीयेत. असा, तसा, कसा, जसा. एवढा, तेवढा, केवढा, जेवढा. असा तक्ता मुलांकडून भरून घ्या. 'इथे, तिथे, जिथे' झाल्यावर 'किथे' का नाही, 'कुठे' का? (पंजाबी गाणी ऐकणारं एखादं मूल 'कित्थे' घेऊन येतं, मग तास हातचा जातो.) 'तेव्हा, केव्हा, जेव्हा' यांच्या ओळीतली पहिली जागा रिकामी का? तिथे 'आता' बसतो, पण तो त्या घराण्यातला दिसत नाही. मग कुणाला तरी 'एव्हाना' आठवतो. बस ती, ट्रक तो, टेबल ते, हे कोणी ठरवलं? अनोळखी भाषेतली थोडी वाक्यं देऊन नियम शोधायला लावणारं भाषाविज्ञानाचं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड २००३ पासून भरतं, २०१६ मध्ये ते म्हैसूरला झालं. ते मोठ्या मुलांसाठी आहे, पण त्यातली रीत चौथीला चालते. पुस्तकं लागत नाहीत, फळा पुरतो. अडखळत वाचणारं मूलही 'घोड्याला' बरोबर म्हणतं, म्हणजे तळ आहे. आणि छताबद्दल म्हणाल तर, ते मलाही अजून सापडलेलं नाही.

ज्युनिअरने हे ऐकून दोन आक्षेप घेतले, दोन्ही रास्त. पहिला: "ताई, ज्यांना वाचताच येत नाही त्यांचं सोडून आपण हुशारांचं काय घेऊन बसलोय?" हा प्रश्न मलाही टोचतो. माझं आत्ताचं उत्तर एवढंच, की वेगळ्या खोलीत नेऊन सात जणांना तासिका द्यायच्या असतील तर हा आक्षेप जिंकतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे सगळे वर्ग दोघांत. अशा शाळेत वेगळी खोली नसते आणि वेगळा माणूसही नसतो. सगळ्यांना एकत्र चालेल आणि तरीही कुणालातरी दूर नेईल अशाच कामाला तिथे अर्थ आहे.

दुसरा आक्षेप समितीचा. "व्याख्याच नसेल तर सिनॉप्सिस पास कसा होईल?" राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विशेष प्रतिभा असलेल्या विद्यार्थ्यांवर मोजके परिच्छेद आहेत. त्यात कविता मंडळं आहेत, भाषा मंडळं आहेत, पूरक साहित्य द्या असं आहे, बी.एड.मध्ये या विषयाचं विशेषीकरण ठेवता येईल असंही आहे. मार्गदर्शक तत्त्वं करण्याचं काम एनसीईआरटी आणि एनसीटीईवर सोपवलंय. ओळखायचं कसं, हा प्रश्न त्या परिच्छेदांत सुटलेला नाही. म्हणजे प्रश्न मोकळा आहे आणि तोच तुमचा विषय होऊ शकतो. मी तिला सुचवलं की परिणामकारकता सोडून दे. एका शाळेत, एका वर्गात, वर्षभर अशी पंधरा कामं दे. प्रत्येक वेळी कोण पुढे गेलं त्याची नोंद ठेव. वर्षाअखेरीस ती यादी गुणांच्या, शिफारशीच्या आणि शब्दसंपत्ती चाचणीच्या यादीशेजारी ठेव. किती नावं जुळतात? जुळली तर मी चुकले, आणि तेही छापण्याजोगं आहे. न जुळणारी मुलं कोण आहेत, घरी काय बोलतात, कुठे बसतात, तिथून प्रबंध सुरू होतो. पंधरा दिवस झाले, ती विचार करतेय. गाइडना टी मूल्य हवंय.

मी मधे पुन्हा त्या शाळेत जाऊन आले. 'मले'वाली आता पाचवीत आहे, शिष्यवृत्तीच्या जादा तासाला तिला घेतलेलं नाही. दप्तरातून तिने एक जुनी वही काढून दाखवली. मागच्या पानांवर पेन्सिलने दोन रकाने केले होते, हाकेचे आणि बिनहाकेचे. वीसेक शब्द होते, काही खोडलेले. शेवटची ओळ तिने दोनदा अधोरेखित केली होती:

काकाले – चुलत्याले. मानूस एकच.